कानातला साहेब

पहिला प्रश्न कानात पडला आणि सुदर्शनला वाटलं, मशीन बिघडलं. हेडफोनच्या स्पंजाला आधी बसलेल्या कुणाच्या तरी खोबरेल तेलाचा वास येत होता. तो त्यानं कानांवर आणखी दाबून धरला आणि पुन्हा बटण दाबलं. पुन्हा तेच. गेले कित्येक महिने पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा जो आवाज त्याच्याशी स्वच्छ, जरा नाकातल्या इंग्रजीत बोलत आला होता, तोच आज तोंडात खडे धरून बोलल्यासारखा बरळत होता. गिळलेली व्यंजनं, मध्येच ‘स्लॅश’, मध्येच ‘डॉट’, आणि मग एखादा असा शब्द, जो कुठल्याही आईनं कुठल्याही लेकराला शिकवला नसेल. त्यानं पुढचा प्रश्न काढला. त्यातही तेच. फक्त त्या चिखलात एका ठिकाणी ‘फाइल’ हा शब्द गारगोटीसारखा स्वच्छ उमटला आणि पुन्हा सगळं बुडालं. आजूबाजूला माऊसचे आवाज टपटप पडत होते. माणसं उत्तरं देत होती. पतसंस्थेचा शिपाईसुद्धा त्याच्या पलीकडच्याच खुर्चीवर बसून पुटपुटत प्रश्न वाचत होता, आणि त्याचं पुटपुटणं मराठी होतं. तेव्हा कुठे सुदर्शनच्या लक्षात आलं. पेपर मराठीत होता. ज्या भाषेची तयारी करायचं त्याच्या मनातही आलं नव्हतं, तीच समोर काचेवर लिहिलेली होती आणि त्याच्या कानापर्यंत पोचत नव्हती.

त्यानं हात वर केला. श्रेया मॅडमच्या बांगड्या जवळ आल्या. परीक्षा केंद्र त्या सांभाळायच्या. वयानं लहान, पण सगळे त्यांना मॅडमच म्हणत. “मॅडम, हे मराठीत आहे का?” “हो सर, या वेळी सगळ्यांना मराठीतच आहे. सोपं जावं म्हणून.” त्यानं हेडफोनकडे बोट दाखवलं. तेव्हा त्या वाकल्या, हेडफोनची एक बाजू उचलून त्यांनी स्वतःच्या कानाला लावली आणि लगेच सोडून दिली, गरम भांड्याला हात लागावा तशी. “अगं बाई. हा फॉन्ट त्याला वाचताच येत नाही का? त्याला ही इंग्लिश अक्षरंच वाटतात…” मग आवाज खाली आला. “मला वाचून दाखवता येणार नाही, सर. नियमात नाही. पण तुम्ही बसा. नुसते बसा.” आणि त्याच्या हाताखालचा माऊस अलगद काढून घेतला गेला. टक्. जरा थांबून, टक्. त्यांच्या मनगटाचा वारा त्याच्या बोटांना लागत होता. त्याला ‘थांबा’ म्हणायचं होतं. पण त्यानं ऐकलं, की आपण म्हणतोय, “थँक्यू, मॅडम.”

दोन हजार चार साल होतं. पतसंस्थेनं सगळ्या शाखा कॉम्प्युटरवर आणायच्या ठरवल्या होत्या आणि ही परीक्षा पास झाल्याशिवाय कुणाला टेबल मिळणार नव्हतं. सुदर्शनचं टेबल त्याआधीच गेलं होतं. म्हणजे लाकूड होतं, पण त्यावरचा टेलिफोनचा बोर्ड काढून नेला होता आणि स्क्रूची भोकं उरली होती. बसल्या बसल्या त्याची करंगळी त्या भोकांत जायची. बोर्डावर तो राजा होता. घोडेगाव, आळेफाटा, नारायणगाव, आणे, सगळ्या शाखांचे श्वास त्याला ओळखू यायचे. ‘हॅलो’ म्हणायच्या आधी माणूस घाबरलाय की जेवून आलाय ते कळायचं. मग एक छोटी पेटी आली, तिनं फोन आपोआप जिकडच्या तिकडे लावले, आणि त्याला सांगण्यात आलं, की तुम्ही आता आराम करा. आराम म्हणजे भिंतीकडची खुर्ची. तिथे बसून चहा प्यायचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्यानं “काय सुदर्शनभाऊ, बरंय ना?” विचारलं, की बरंय म्हणायचं.

आणि बोर्डाच्याही आधी तो टायपिस्ट होता. बोरी बुद्रुकमधून रोज एसटीनं जुन्नरला येऊन तो मराठी टायपिंग शिकला, तेव्हा त्याला दिवसा चांगलं दिसत होतं. रातांधळेपणा लहानपणापासूनचा. दिवेलागण झाली, की आईचा पदर धरायचा आणि मोठ्या बहिणींचं हसणं ऐकायचं. पण दिवस त्याचा होता. नंतर दिवसही कडांनी झिजायला लागला. आधी कागदाचा समास गेला. मग ओळीची सुरुवात दिसली तर शेवट दिसेना. डॉक्टर म्हणाले, नळीतून बघितल्यासारखं होईल आणि मग नळी बंद होईल. ते त्यांनी इतकं सरळ सांगितलं, की त्याला रागही आला नाही. त्याची बोटं मात्र काही विसरली नव्हती. डोळे पूर्ण जाईपर्यंत तो टाइप करत होता. फक्त समोरचा मजकूर कुणी वाचून दाखवावा लागायचा, आणि टायपिस्टला वाचून दाखवायला दुसरा माणूस ठेवणं कुठल्या ऑफिसला परवडतं? शेवटचं अक्षर कोणतं दिसलं होतं, हे आठवायचा तो पुष्कळदा प्रयत्न करी. आठवत नसे. बहुतेक ते काहीतरी फालतू असावं, साबणाच्या वडीवरचं, नाहीतर एसटीच्या पाटीवरचं.

लग्नानंतर वृषाली त्याला वाचून दाखवायची. अंगणवाडीतून आली, की पदरानं तोंड पुसून, पेपर उलगडून ती सुरू करायची, आणि त्याला तिच्या आवाजावरून कळायचं, की तिचे पाय दुखतायत, की भाजी करपेल म्हणून जीव तिकडे लागलाय, की मधली दोन वाक्यं तिनं गाळली. तो काही म्हणायचा नाही. गाळलेल्या वाक्यांचा एक पेपर त्याच्या मनात साठत गेला होता. त्यात काय काय छापलं असेल याचा तो विचार करी. पुण्यात एका संस्थेत अंधांना कॉम्प्युटर शिकवतात असं कळलं तेव्हा तो रजा काढून गेला, आणि पहिल्यांदा तो आवाज कानात आला. दाबाल ते अक्षर बोलणारा, ओळ म्हटली की ओळ वाचणारा, न गाळणारा, न दमणारा. त्या दिवशी परत येताना एसटीत तो एकटाच हसत होता. घरात शिरताच म्हणाला, “आता तुझी सुटका झाली बघ.” वृषाली म्हणाली, “अहो, मी काय तुरुंगात होते का?” पण बोलताना तिचा आवाज हलका झाला, आणि तो हलकेपणा त्याला लागला.

परीक्षेत तो चांगल्या गुणांनी पास झाला. सचिव सावळेरामसाहेबांनी सगळ्या ऑफिससमोर पेढा त्याच्या हातात ठेवला आणि म्हणाले, “शिका जरा. डोळे असून काही जण नापास झाले.” टाळ्या वाजल्या. पेढा टाळूला चिकटून बसला. घरी वृषालीनं सर्टिफिकेट फ्रेम करून आणलं आणि त्याचा हात धरून काचेवरून फिरवला. काच गार, गुळगुळीत. खाली काय लिहिलंय ते त्याला त्यातून कळणार नव्हतं, आणि तिला काय लिहिलेलं नाही ते. सांगावं, असं वाटलं. पण तिचा हात इतका उबदार होता, की आणखी एक दिवस जाऊ द्यावा असं वाटलं, आणि मग दिवस जातच राहिले.

साहेबांनी त्याला काम दिलं, मानाचं. शाखांकडून ई-मेल यायचे, ते उघडायचे, पाहायचे, ज्याचे त्याला कळवायचे. कॉम्प्युटर त्याच्या भोकाभोकांच्या टेबलावर आला. इंग्रजी मेल आला, की तो घडाघडा सांगायचा, आणि माणसं वळून बघतात हे त्याला खुर्च्यांच्या आवाजावरून समजायचं. पण शाखा लिहायच्या मराठीत, त्याच फॉन्टात. पहिल्या आठवड्यात त्यानं धीर करून साहेबांना म्हटलं, की मराठीसाठी एखादा माणूस जोडीला मिळाला तर. साहेब हसले. “सर्टिफिकेटवाल्याला कशाला माणूस?” विषय संपला.

मग गोकुळनं ते निभावून नेलं. गोकुळ वसुलीवर होता, दिवसभर मोटरसायकलवर फिरायचा. गाव डिंभ्याच्या वर, डोंगरात. बोलण्यात तिकडचा हेल, अंगाला तिकडचा धूर. तो दुपारी जेवून आला, की खुर्ची ओढून शेजारी बसायचा आणि साठलेले मेल वाचून द्यायचा, कुणाला काही न जाणवेल असा. “तुमचा सायब काय म्हनतोय आज?” असं विचारायचा. कानातल्या आवाजाला त्यानं साहेब हे नाव ठेवलं होतं, कारण त्याला इंग्रजी येतं आणि मराठी कळत नाही. सुदर्शन त्याला साहेबाचे नवेनवे शब्द ऐकवायचा आणि दोघं शाळेतल्या पोरांसारखे हसायचे. गोकुळचा बाप गेणभाऊ बाजारच्या दिवशी कधीमधी ऑफिसात येऊन बाकावर बसायचा. त्याचा हात सुदर्शननं एकदा हातात घेतला होता. हिरडा वेचून वेचून सालपटासारखा झालेला हात, आणि त्यामागे एक मऊ, लाजरा आवाज: “आमचं पोरगं काम करतं ना नीट?”

ती सकाळ नेहमीसारखीच होती. सुदर्शननं इंटरनेट जोडलं. मोडेम किंचाळला, खरखरला, गप्प झाला. जोडलेलं असेपर्यंत ऑफिसचा फोन बंद, कारण लाईन एकच. तासाभरानं घोडेगाव शाखेकडून मेल आला. साहेब कानात बरळला. सुदर्शन रोजच्या सवयीनं ऐकत होता, विहिरीतल्या पाण्याचा आवाज ऐकावा तसा. रोज सकाळी घोडेगावकडून आदल्या दिवसाचा हिशेब यायचा, तोच असणार. हा जरा आखूड होता, एवढंच. त्यात दोन शब्द मात्र असे उमटले, की त्याला हसू आलं. गोकुळ दारात हेल्मेट चढवत होता. “ए गोकुळ, आज साहेबानं नवीन काढलंय. योडज इकबॉक!” गोकुळ खदखदून हसला. “योडज! सायबाच्या बायकोचं नाव असंल ते. येतो भाऊ, नारायणगावला चाललोय. दुपारच्याला वाचू.” मोटरसायकल सुरू झाली, गल्लीतून वळली, आवाज पेठेत विरला. क्षणभर, अगदी क्षणभर, सुदर्शनला वाटलं होतं, की म्हणावं, जाता जाता बघून जा रे, आज आखूड आहे. पण साहेबांच्या केबिनचं दार उघडं होतं. सर्टिफिकेटवाल्याला कशाला माणूस. तो पुन्हा ऐकत बसला. जुने इंग्रजी मेल काढून, इंग्रजी सुधारावं म्हणून. मशीन जोडलेलंच होतं.

जेवणाच्या सुट्टीत शिपायानं वीज वाचवायला सगळं बंद केलं आणि बंद केल्या केल्या फोन वाजला. केबिनमधून साहेबांचा आवाज आला, “काय? कधी?” मग खूप वेळ नुसतं “हं. हं.” मग ते स्वतः बाहेर आले. गोकुळच्या वडिलांच्या छातीत सकाळी कळ आली. गाववाल्यांनी जीपमध्ये घालून घोडेगावच्या दवाखान्यात आणलं. चांगले शुद्धीत होते, पोराची वाट बघत होते. आत्ता गेले. “सकाळपासून फोन लावतायत म्हणे, लागतच नव्हता. शेवटी मेल टाकला. सुदर्शन, मेल आला होता का?” ऑफिस थांबलं. पंखासुद्धा बंद होता. आणि सुदर्शननं ऐकलं, की आपण म्हणतोय, “नाही साहेब. लाईनचा घोळ असेल.” “या लाईनींचं काही खरं नाही,” साहेब म्हणाले आणि नारायणगावला माणूस धाडायला आत गेले.

सगळे पांगले तेव्हा त्यानं मशीन पुन्हा चालू केलं. का, ते त्याला सांगता आलं नसतं. त्या मेलवर तो आला आणि या वेळी ओळ न ऐकता एकेक अक्षर ऐकू लागला. बाण दाबला, की एक अक्षर. एक्स. के. एस. डी. क्यू. मग चढ्या आवाजात जी. मोठं अक्षर आलं, की साहेब आवाज चढवायचा. त्याचे दोन्ही हात टेबलावर होते. त्यांच्याकडे त्याचं लक्ष नव्हतं. पण डी ऐकताना डाव्या हाताचं मधलं बोट किंचित दबलं, आणि त्या बोटाखाली ‘क’ होता. मराठी टाइपरायटरवर त्या जागी ‘क’ असायचा; फॉन्टानं तीच मांडणी उचलली होती. एक्सच्या जागी ‘ग’. के म्हणजे काना, एस म्हणजे मात्रा. क्यू म्हणजे उकार. शिफ्ट दाबून जी, ‘ळ’. गोकुळ. इतकी वर्षं त्याच बोटांत मराठी राहत होती, नंतर त्यांतच इंग्रजी येऊन राहिली, एका वाड्यात दोन बिऱ्हाडं राहावीत तशी, आणि दोघींचं कधी बोलणं झालं नव्हतं. तो पुढे सरकला. बाण, अक्षर, बोट. ओ, एम, एच, वाय: वडील. बोटं चुकत नव्हती. घामानं टेबल ओलं झालं. दवाखान्यात. शुद्धीत आहेत. गोकुळ आला का विचारतात. मग वाय, ओ, डी, जे आलं. साहेबानं सकाळी ते एका दमात म्हटलं होतं, योडज. ल. व. क. र. त्याच्यापुढचं इकबॉक त्यानं अक्षर न अक्षर पुरं केलं, जरी आता गरज नव्हती. पाठवा.

डोळे गेल्यापासून कुणाच्या आवाजाशिवाय, कुणाच्या दयेशिवाय, त्यानं स्वतः वाचलेलं हे पहिलं मराठी. हे वाक्य त्याच्या मनात आलं आणि त्याला स्वतःची किळस आली, कारण त्यात कुठेतरी, खोल, आनंदाचा एक कण होता.

घरी त्यानं वृषालीला सांगितलं. परीक्षेपासून सगळं. ती भाकरी थापत होती. थापणं थांबलं, पुन्हा सुरू झालं. “मला का नाही सांगितलंत?” एवढंच ती म्हणाली. थोड्या वेळानं भाकरी करपल्याचा वास आला आणि तिनं ती उलटली नाही.

तेरावं झाल्यावर गोकुळ कामावर आला. सुदर्शननं त्याला मागच्या बाजूला, पाण्याच्या टाकीपाशी नेलं आणि उभ्याउभ्या सांगितलं. टाकीतून थेंब गळत होते.

“म्हंजी आपन हसलो त्यो…”

“हो.”

“काय व्हता त्यो शब्द?”

“लवकर.”

गोकुळनं नाकातून श्वास सोडला. “अन् बा काय म्हनत व्हता? त्ये लिवलंय?”

“गोकुळ आला का, विचारतात. असं लिहिलंय.”

पुन्हा थेंब. मग गोकुळ बोलला. आवाज चढलेला नव्हता, आणि तो चढावा म्हणून सुदर्शन आतून विनवणी करत होता. “मी दारात व्हतो, भाऊ. तुमी हाक मारायची व्हती. गोकुळ, जरा बघ रं, येवढंच. मशीनला न्हाई आलं तर न्हाई आलं. मी तर मानूसच व्हतो ना?”

“लाज वाटली.”

“कशाची?”

गोकुळची पावलं निघून गेली.

तो तसाच केबिनमध्ये शिरला आणि साहेबांना म्हणाला, की मेल आला होता. की मराठी मेल मला वाचता येत नाहीत, फॉन्ट बदलल्याशिवाय येणार नाहीत. अक्षर अक्षर जुळवलं तर येतील, पण एका पानाला दिवस जाईल. की परीक्षेतही मला काही वाचता आलं नव्हतं. साहेबांनी उठून दार लावलं. मग खुर्ची करकरली. “हे आत्ता बोललात ते बोललात. बाहेर बोलू नका. त्या मुलीची नोकरी जाईल. तुमची जाईल. आणि एका माणसासाठी सगळ्या शाखांचा फॉन्ट कोण बदलणार? गेलेला माणूस गेला. लाईनचा घोळ होता.” जरा थांबून, समजुतीच्या सुरात, ते म्हणाले, “तुम्ही खुर्चीवर बसा. मेलचं काम मी दुसऱ्याला देतो हवं तर.” “नको,” सुदर्शन म्हणाला. “काम मला ठेवा. फक्त मी ओरडेन.” साहेबांना ते कळलं नसावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेल आला. सुदर्शननं हेडफोन काढला, टेबलावर ठेवला. मग टाळ्या वाजवणाऱ्या त्याच ऑफिसला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं तो म्हणाला, “मराठी मेल आलाय. मला वाचता येत नाही. कुणीतरी बघा.” कुणाचा तरी कप बशीवर टेकला. कुणीतरी खोकलं. तो पुन्हा म्हणाला. मग पलीकडे एक खुर्ची सरकली आणि ओळखीची पावलं, जरा ओढत, त्याच्या टेबलापाशी आली. धुराचा वास आला. गोकुळनं खुर्ची ओढून घेतली नाही. उभ्यानंच पडद्यावर वाकून वाचलं.

“काय न्हाई. आण्याच्या शाखेतलं घड्याळ बंद पडलंय, म्हनून लिवलंय.”

तो वळला. दोन पावलांवर थांबला.

“रोज हाक मारा. मी यीन. न्हाईतर दुसरं कुनी यील,” तो म्हणाला. “पन भाऊ, हसायचं आता न्हाई जमायचं मला.”

सुदर्शननं मान हलवली. पावलं आपल्या जागेवर गेली. त्यानं चाचपून मोडेमची वायर काढली, लाईन मोकळी केली, आणि फोनच्या दिशेनं कान देऊन बसून राहिला.